खत्री-अरोड्यांच्या आडनावात धंदा दिसतो का?

घाटपांडू : माझ्या मते दिसतो. आपल्याकडे पोतनीस म्हटलं की खजिना आठवतो, तसंच खत्री आणि अरोडे या पंजाबी व्यापारी जातींचं. भंडारी कोठार सांभाळणारा, सेठी म्हणजे श्रेष्ठी, बक्षी फौजेचा पगार वाटणारा. पिढ्यान्‌पिढ्या वही आणि तागडी.

शंकेखोर : सोयीची तीन आडनावं उचललीत! कपूर, खन्ना, चोप्रा यांत कुठला धंदा? ती कुळांची नावं. गुरू नानक बेदी खत्री. वडील तलवंडीचे पटवारी, ते स्वतः सुलतानपूरच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी कोठारात, धान्य मोजायचे. काम बदललं, आडनाव तेच. महाराजा रणजितसिंहांचे सेनापती हरिसिंग नलवा उप्पल खत्री, १८३७ मध्ये खैबरजवळच्या जमरूदला लढताना पडले. रणजितसिंहांचेच मुलतानचे सुभेदार सावनमल चोप्रा, त्यांनी कालवे काढले. तागडी कुठंय? आणि भंडारी म्हणाल, तर कोकणात नाव तेच, पण काम माडावरचं.

घाटपांडू : हे अपवाद हो. गावोगाव सावकारी कोण करत होतं? जमिनी सावकारांच्या घशात जाऊ नयेत म्हणूनच ना इंग्रजांनी पंजाबात १९०० चा जमीन हस्तांतरणाचा कायदा आणला?

शंकेखोर : त्याच कायद्याने तर घोळ घातला. सरकारने 'शेतकरी जातीं'ची यादी केली. यादीतल्याची जमीन बाहेरच्याला विकत घेता येईना. खत्री-अरोडे बहुतेक बाहेर. स्वतः नांगर धरणारा अरोडासुद्धा कागदावर बिगरशेतकरी! जातीचा धंदा कचेरीत ठरला, आणि तुम्ही तो आडनावात शोधताय.

सायनची सून : माझं सासर तनेजा, अरोडे. अहुजा, जुनेजा, तनेजा यांतला शेवटचा 'जा' म्हणजे अमक्याचा वंशज, तेव्हा धंद्याचा संबंध नाही. पण घाटपांडू अगदीच चुकलेले नाहीत. आजेसासऱ्यांच्या झंगच्या (आता पाकिस्तानात) कापडदुकानाची एक वही आमच्याकडे आहे. लंडे लिपी, म्हणजे पंजाबी व्यापाऱ्यांची हिशेबाची लिपी, काना-मात्रा औषधालाही नाही. सासूबाईंना गुरुमुखी येते, तरी त्यांना एक ओळ लागत नाही. आकडे तेवढे कळतात, उधारीचे. फाळणीनंतर सायन कोळीवाड्याच्या निर्वासित बराकीत आले आणि खांद्यावर ठाण टाकून दारोदार फिरले. पुढे सासरे रेल्वेत कारकून, नवरा दंतवैद्य.

घाटपांडू : मग दवाखान्याचा गल्ला कोण सांभाळतं? तनेजाच ना?

सायनची सून : नाही, मी. माहेरची पोतनीस आहे.

शंकेखोर : वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?