प्रतिसाद: जाहीरनाम्याचा तक्ता पुरत नाही

दारूबंदी, आरक्षण, महिलांच्या योजना अशा रकान्यांचा तक्ता करून विधानसभेच्या उमेदवारांची तुलना करायची कल्पना कुणीतरी मांडली आहे. कल्पना छान, पण रकाने पक्षांच्या जाहीरनाम्यांवरून भरले तर हाती काही लागणार नाही. २०२४ ला महायुतीने लाडक्या बहिणींना महिन्याला २१०० रुपये म्हटलं, महाविकास आघाडीने ३००० म्हटलं. यात तुमच्या उमेदवाराचं स्वतःचं मत कुठे आलं? सभागृहातलं मतदानही फारसं सांगत नाही, कारण १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे आणि व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की विषय संपला.

चंद्रपूरचं बघा. तिथे २०१५ मध्ये दारूबंदी झाली ती भाजपचे पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या काळात, त्यासाठी ते आग्रही होते. २०२१ मध्ये उठली तेव्हा पालकमंत्री काँग्रेसचे विजय वडेट्टीवार. गांधींचं नाव घेणारा पक्ष कोणता, हे आठवून गंमत वाटते! २०२४ ला दोघंही त्याच जिल्ह्यातून निवडून आले. मतदारांनी नेमकं कशाला मत दिलं, सांगा बघू.

माझ्या मते उमेदवाराला एकच विचारावं: गावातल्या बायका 'आडवी बाटली'साठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानासाठी, सह्या गोळा करत होत्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात? दुकान बंद करायला यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. त्या मतदानाच्या दिवशी शेतावरून बायकांना आणायला कोणी गाडी दिली आणि कोणाचे कार्यकर्ते दुकानदाराच्या ओट्यावर बसले होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तो रकाना आधी भरा.