दुपारची मरगळ आणि वाळवंटातील तपस्वी

प्रश्न: दुपारी कामावरून मन उडते. आद्य ख्रिस्ती तपस्व्यांनी यावर काही सांगितले आहे काय?

उत्तर: होय. इजिप्तच्या वाळवंटात राहून ३९९ च्या सुमारास निवर्तलेल्या इव्हाग्रियस यांनी आठ कुविचारांत ही मरगळ सर्वांत जाचक मानली. तिच्यामुळे सूर्य जागचा हलत नाही असे भासते, नजर पुन्हापुन्हा खिडकीकडे वळते आणि दुसरीकडे जाण्याची ओढ लागते. खोली सोडू नये, हा त्यांचा उपाय.

दुसरे उत्तर: नुसते बसून राहणे सर्वांना झेपेल असे मला वाटत नाही. संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या सहाव्या शतकातील नियमावलीच्या ४८ व्या प्रकरणात श्रम आणि वाचन यांच्या वेळा बांधून दिल्या. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येकाने एक ग्रंथ क्रमाने, संपूर्ण वाचावा, असेही सांगितले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कार्यालयात ग्रंथ उघडल्यास वरिष्ठांना काय सांगावे, हे मात्र त्यांनी लिहिलेले दिसत नाही.