मेयो-गॉलवे: रविवारी कोण मारणार?

कॅसलबारकर: रविवारी मॅकहेल पार्कला, आमच्या मेयोच्या मैदानावर, मेयो आणि गॉलवे या दोन आयरिश काउंट्यांची गेलिक फुटबॉलची मॅच आहे आणि ऑफिसातल्या गॉलवेवाल्याने माझ्या मॉनिटरला गॉलवेचा मरून रंगाचा झेंडा चिकटवलाय, वर दर चहाला १९५१ नंतर मेयोने ऑल-आयर्लंड (अख्ख्या आयर्लंडची चॅम्पियनशिप) जिंकलं नाही हे ऐकवतो, काय उत्तर देऊ?

सॉल्टहिलची_सून: सासर गॉलवेचं असूनही सांगते, आमचंही २००१ नंतर काही नाही, २०२२ आणि २०२४ दोन्ही फायनल घालवल्या 😭

बाकावरचा: ते सोडा हो, आता मैदानावर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेरून बॉल बारवरून मारला की २ पॉइंट, वारा पाठीशी असेल त्या हाफमध्येच मॅच फिरते. गॉलवेचा शेन वॉल्श तर दोन्ही पायांनी मारतो, मोकळा सोडला की मेलात.

कॅसलबारकर: झेंडा काढतोय. रेनकोट मात्र नेतो.