एकदाच लॉगिन केल्यावर बाकीच्या प्रणालींना आपली ओळख कशी पटते?

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई)
मी येथील एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे सिंगल साइन-ऑन सुरू झाल्यापासून सकाळी एकदा पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड दिला की हजेरी, पगार आणि प्रवासखर्च या तिन्ही प्रणाली पुन्हा काही न विचारता उघडतात. पगाराची प्रणाली बाहेरच्या कंपनीची आहे; मग माझा पासवर्ड तिच्याकडेही जातो का? दुसरी शंका अधिक काळजीची आहे. नोकरी सोडलेल्या एका सहकाऱ्याचे खाते दुपारी बंद केल्यावरही संध्याकाळपर्यंत त्यांना प्रवासखर्चाची प्रणाली दिसत होती. असे कसे झाले असेल?

उत्तर (ठाणे)
पासवर्ड तिकडे जात नाही. पगाराची प्रणाली तुमच्या ब्राउझरला तुमच्याच कंपनीच्या ओळख-सर्व्हरकडे, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडे पाठवते. ब्राउझरमध्ये सकाळच्या लॉगिनची कुकी, म्हणजे त्या सर्व्हरने ठेवलेली छोटी खूण असल्याने तो सर्व्हर पुन्हा काही विचारत नाही. व्यक्ती कोण, कोणत्या प्रणालीसाठी आणि किती वाजेपर्यंत, एवढे लिहिलेले निवेदन फक्त आपल्याकडे असलेल्या खासगी डिजिटल किल्लीने सही करून तो ब्राउझरच्या हाती देतो. पगाराच्या प्रणालीकडे जोडणीच्या वेळीच दिलेली, तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली असते, तिने ती सही पडताळते. सॅमल २.० हे 2005 चे मानक यासाठी एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची पद्धत वापरते, तर 2014 मध्ये आलेले ओपनआयडी कनेक्ट ओऑथ २.० या प्रवेशाची परवानगी देण्याच्या मानकावर उभे असून त्यात जेसन या दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले टोकन, म्हणजे तसेच सही केलेले निवेदन असते. निवेदनाची मुदत बहुधा काही मिनिटांचीच असल्याने दोन्ही सर्व्हरची घड्याळे जुळावी लागतात. एका ठिकाणी निवेदन तपासणाऱ्या प्रणालीचे घड्याळ सात मिनिटे मागे होते, त्यामुळे प्रत्येक निवेदन ‘अजून वैध नाही’ म्हणून परत येत होते आणि कारण सापडेपर्यंत माझा अर्धा दिवस गेला.

उत्तर (बेलापूर)
दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. ते निवेदन फक्त आत येण्यापुरते असते. त्यानंतर प्रवासखर्चाची प्रणाली स्वतःचे सत्र, म्हणजे लॉगिन ग्राह्य धरण्याचा ठरावीक काळ सुरू करते आणि ते संपेपर्यंत ओळख-सर्व्हरला सहसा पुन्हा विचारत नाही. सोसायटीच्या फाटकावर नोंद करून आत गेलेल्या माणसाचे नाव नंतर वहीतून खोडले, तरी तो आतच असतो. तसेच येथे झाले असावे. सत्राचा कालावधी कमी करून घ्या, आणि विक्रेत्याकडे स्किमची (खात्यांतील बदल एका प्रणालीतून दुसरीला आपोआप कळवण्याच्या मानकाची) सोय असेल तर खाते बंद झाल्याचे त्या प्रणालीला थेट कळवता येते. मात्र चालू सत्रही त्यासोबत तुटते का, हे त्यांच्याकडून स्पष्ट लिहून घ्या. सर्व प्रणालींतून एकाच वेळी बाहेर काढण्याची तरतूद सॅमलमध्ये आहे, पण एखाद्या प्रणालीने प्रतिसाद दिला नाही की ती अर्धवट राहते, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. आणि कंटाळा आला तरी मोबाइलवरचा कोड बंद करू नका, कारण आता एका पासवर्डमागे तुमच्या तिन्ही प्रणाली आहेत.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याला विचारले असता सत्र बारा तासांचे असल्याचे कळले. ते एका तासावर आणण्याची लेखी विनंती आजच केली आहे, आणि नोकरी सोडणाऱ्यांच्या यादीत ‘प्रत्येक प्रणालीतील चालू सत्र बंद केले’ असा वेगळा रकाना जोडला आहे.