'बिल्ड एरर' : त्रुटी की चूक?

रानवाट : अँड्रॉइडचा मुक्त स्रोत (सर्वांना खुला असलेला मूळ कोड) स्वतः कंपाइल करू, म्हणजे त्यापासून चालणारी प्रणाली बनवू पाहणाऱ्यांसाठी मी मराठीत मार्गदर्शिका लिहीत आहे. या प्रक्रियेत, म्हणजे 'बिल्ड'मध्ये, येणाऱ्या 'एरर'साठी मी सर्वत्र 'त्रुटी' योजले होते. मसुदा वाचणाऱ्या मित्राने तो हिंदी वापर ठरवून सगळीकडे 'चूक' केले. जाणकारांचे मत काय?

अक्षरजुळारी : मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. शब्द संस्कृत आहे आणि आपले 'तुटणे' त्याच धातूचे. मात्र मराठीत त्रुटी म्हणजे उणीव, आणि अहवालातील त्रुटी दूर करा असे आपण म्हणतो तेव्हा त्यात काहीतरी राहून गेलेले असते. एखादे मॉड्यूल (कोडचा स्वतंत्र भाग) ज्या मॉड्यूलवर अवलंबून आहे ते स्रोतातच नसले, की सूंग ही अँड्रॉइडची बिल्ड प्रणाली ज्यावर अडून बसते ती खरी त्रुटी. तिथे राहिलेली रिपॉझिटरी (कोडचा साठा) मॅनिफेस्ट या साठ्यांच्या यादीत घालून पुन्हा रेपो सिंक करावे, म्हणजे यादीतील कोड उतरवून घ्यावा लागतो. कोडमधील विधानाअखेरचा अर्धविराम विसरणे ही मात्र चूक.

वहिवाट : अर्धविराम राहून गेला, तर तीही उणीवच की! शिवाय मेमरी अपुरी पडून कर्नेलने (संगणकप्रणालीच्या गाभ्याने) मध्येच कंपाइलर मारून टाकला, तर स्रोतात ना चूक, ना त्रुटी. गूगल या कामासाठी किमान 64 जीबी रॅम सांगते. त्याहून लहान यंत्रावर एका वेळी चालणाऱ्या समांतर कामांची संख्या कमी करणे हा एक उपाय असतो. वाचकाला पडद्यावर 'एरर' दिसते, तेव्हा 'एरर'च लिहावे.

शुद्धमती : पडद्यावरचेच लिहायचे, तर मार्गदर्शिका मराठीत कशाला? छापखान्यात खिळ्यांची जुळणी होत असे, त्याच धर्तीवर 'बिल्ड'ला जुळणी म्हणावे. 'कंपाइल'साठीचा 'संकलन' हा शब्दही कृत्रिम नाही : संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचा 1952 सालचा ए-झिरो कंपाइलर तयार उपप्रोग्राम गोळा करून एकत्र जोडत असे, म्हणजे शब्दशः संकलनच करत असे.

वहिवाट : जुळणी लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाला शोभते. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' (वापरलेल्या नावाची व्याख्या न सापडणे) हा जुळणीचा दोष आहे, संपूर्ण बिल्डचा नव्हे.

रानवाट : माझी खरी अडचण पुढे आहे. बिल्डमधील कामे चालवणाऱ्या निंजा या साधनाची 'निंजा : बिल्ड स्टॉप्ड : सबकमांड फेल्ड' ही शेवटची ओळच एरर समजून लोक तिच्यावर उपाय शोधत बसतात; खरे कारण त्याआधी, 'फेल्ड'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या खाली असते आणि 'आउट' फोल्डरातील एरर लॉगमध्येही सापडते. दोन्हींना त्रुटी म्हटले, तर हा गोंधळ मीच वाढवेन.

अक्षरजुळारी : शेवटच्या ओळीला 'खोळंबा' म्हणा.

शुद्धमती : खोळंबा कधी तरी आपोआप सुटतो, हे काम कोणी दुरुस्ती केल्यावाचून पुढे सरकत नाही. आणि 'जुळणी'वरील माझ्या मुद्द्याला अद्याप कोणी धड उत्तर दिलेले नाही.