दयारा बुग्याल लूप: बरसूवरून चढायचं की रैथलवरून? सोबत आईबाबा आहेत

टेकडीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच हिमालयात चालायला जायचं ठरतंय. बाबा ६३, बीपीची गोळी चालू आहे पण कंट्रोलमध्ये असतं आणि रोज सकाळी वेताळ टेकडी न चुकता. आईला दम भरपूर आहे, चढताना ती आमच्या पुढे असते, पण उतरताना डावा गुडघा त्रास देतो. दोघांचं एकच म्हणणं, बर्फाबिर्फात नको, मोठ्ठं गवताचं पठार आणि समोर हिमशिखरं एवढं बघायला मिळालं की झालं. बरंच शोधून दयारा बुग्यालवर आलेय (बुग्याल म्हणजे हिमालयातलं उंचावरचं गवताळ कुरण), उत्तरकाशीच्या पुढे, कारण तिथे बरसू गावातून चढून पठार ओलांडून रैथल गावात उतरता येतं, म्हणजे त्याच वाटेने परत यायला नको. पण कोणी म्हणतं बरसूवरून चढा, कोणी म्हणतं उलटं करा. आणि पठारावरच तंबू टाकून राहायचं बाबांच्या फार मनात आहे, पहाटे तंबूतून शिखरं बघायचीत त्यांना. ते जमेल का? आणि दिवाळीत जाणं बरोबर आहे की मे महिना बरा?

अतकरवाडी_रविवार
ताई, बेत उत्तम आहे, आधी तेच सांगतो. मॉडरेट म्हणतात तसाच आहे, हात लावून चढायचा पॅच कुठे नाही, दरीच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचं नाही, फक्त चढ सलग आहे आणि हवा विरळ.

माझं मत बरसूवरून चढा, रैथलला उतरा. बरसूपासून बर्नाला तालापर्यंत बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून एकसारखी चढण आहे, ती ताज्या पायांनी झालेली बरी. बर्नालाला छोटंसं तळं आणि मोकळी जागा आहे, मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी झाडं संपतात आणि एकदम पठार उघडतं. ते २८ चौरस किलोमीटर आहे असं सांगतात, आणि आपल्याकडे मोठं पठार म्हणजे कास डोळ्यासमोर येतं ना, त्यापेक्षा हे खूप वेगळं आहे, सपाट नाहीच, गवताच्या लाटा वर वर जात राहतात आणि पलीकडे बंदरपूंछ, श्रीकांत, द्रौपदी का डांडा ही सगळी ओळीने. ताकद असेल तर वर बकरिया टॉपकडे जायचं, नसेल तर पठारावरून आडवं चालून रैथलच्या बाजूला गुईला उतरायचं. तिथे गावकऱ्यांच्या छान्या आहेत, म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहतात त्या झोपड्या. आईंचा गुडघा बघता उतार दोन दिवसात विभागला जातो, पहिल्या दिवशी पठार ते गुई, दुसऱ्या दिवशी गुई ते रैथल. हे महत्त्वाचं आहे, एका दिवसात हजार-बाराशे मीटर उतरवू नका त्यांना.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो, सिंहगड १३१२ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. बरसू गाव, जिथून चालायला सुरुवात होते, तेच साधारण २३०० च्या आसपास आहे. आणि पठार ३४०० च्या पुढेमागे.

बुग्यालचं_गवत
पठारावर तंबूचं मनातून काढून टाका ही कळकळीची विनंती. नैनिताल हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. आली-बेदनी-बगजी बुग्यालांच्या एका समितीने केलेल्या याचिकेवर तो निकाल आला होता, रोज किती माणसं वर जावीत त्यालाही कोर्टाने मर्यादा घातली. कोणी एजंट तुम्हाला "सगळे राहतात मॅडम, काय होत नाही" म्हणाला तर त्याच्याकडून बुकिंगच करू नका.

कारण समजून घेतलं की बाबांनाही पटेल. तिकडे वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली जातात, गवताला वाढायला मिळतात ते थोडेच महिने, त्याखालची माती पातळ असते आणि ती मुळांच्या जाळ्याने धरून ठेवलेली असते. तंबूभोवती चर खणला, खुंट्या ठोकल्या, खेचरांनी एकच वाट तुडवली की ती साय फाटते. मग बर्फ वितळल्याचं आणि पावसाचं पाणी त्या फटीतून धावतं, घळ पडते, आणि ती घळ दरवर्षी रुंद होत जाते. दयारावर असंच झालं म्हणून वनखात्याला काथ्याच्या जाळ्या अंथरून आणि चीडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, सुया भरलेले बांध घालून घळी दुरुस्त कराव्या लागल्या. तिथून चालताना त्या जाळ्या दिसल्या तर पाय देऊ नका, बाजूने जा. आणि गवतावर पसरून चालू नका, जी पायवाट आहे तिच्यावरून एकामागे एक.

आणि हे पठार पर्यटकांसाठी रिकामं पडलेलं नाही. रैथलची आणि आजूबाजूच्या गावांची गुरं पिढ्यानपिढ्या तिथे चरतात, ऑगस्टच्या मध्यात, भाद्रपद संक्रांतीला, गावकरी वर जाऊन अंढूडी उत्सव करतात, एकमेकांना लोणी-ताक फासून होळी खेळतात, निसर्गाचे आभार म्हणून. आपण त्यांच्या कुरणातून जातोय हे लक्षात असू द्या. तुमचा कचरा, ओल्या टिश्यूंसकट, खाली आणायचा. ओले टिश्यू कुजत नाहीत.

टेकडीवाली_कोथरूड
कोर्टाचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं, थोडे हिरमुसले पण लगेच म्हणाले बरोबर आहे. मग पहाटेची शिखरं कशी बघायची? आणि बीपीबद्दल कुणी सांगेल का?

स्टेथो_आणि_सॅक
मी डॉक्टर आहे, पण इथून कुणाला औषध लिहून देणार नाही, निघण्याआधी तुमच्या फिजिशियनला प्रत्यक्ष भेटाच, ईसीजी आणि गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट. बीपीची गोळी वर गेल्यावर स्वतःच्या मनाने बंद किंवा डबल करायची नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची का ते पण त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

३४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. ही फिटनेसची परीक्षा नाही हे घरच्यांना नीट समजावा, रोज टेकडी चढणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि कधीकधी त्यालाच जास्त, कारण तो भराभर चढतो. इथे तंबूबंदीचा तुम्हाला उलट फायदाच आहे. आपण दिवसा कुठपर्यंत चढलो यापेक्षा झोपलो कुठे हे जास्त मोजायचं असतं. उत्तरकाशी साधारण ११५० मीटर, तिथे एक रात्र, मग बरसूला एक रात्र, मग बर्नाला, मग दिवसा पठार करून पुन्हा खाली झाडीत गुईला. तीन हजारच्या वर फक्त दिवसा जाताय, झोपायला खाली येताय. ज्येष्ठांसाठी याहून चांगला आराखडा सांगता येणार नाही. फक्त देहरादूनहून एका दमात बरसू आणि दुसऱ्या दिवशी लगेच चढाई असं नको, काही पॅकेजमध्ये असं असतं.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं वाटणं याला "गाडी लागली असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशी पुढे चढायचं नाही. आराम करूनही वाढलं तर उतरायचं. आणि माणूस बडबडायला लागला किंवा टाचेला टाच लावून सरळ रेषेत चालता येईना, किंवा नुसतं बसूनही धाप लागतेय, तर रात्र असली तरी लगेच खाली. लूपची जमेची बाजू म्हणजे पठारावर कुठेही असलात तरी दोन्ही बाजूंना जंगलात उतरायला वाट आहे. झोपेची गोळी नको, दारू अजिबात नको.

सह्याद्री_टू_गढवाल
दिशेबद्दल वेगळं मत देतो. बर्नालाहून पहाटे अंधारात हेडलॅम्प लावून निघालात तर सूर्योदयाला पठारावर पोचता, बाबांची इच्छा त्यात पूर्ण होते, हे खरं. पण रैथल हे गाव स्वतःच बघण्यासारखं आहे, जुनी लाकूड-दगडाची घरं, १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं, आणि लोक रैथलला उतरले की लगेच गाडीत बसून पळतात. उलट केलंत तर संध्याकाळ रैथलमध्ये जाते. हे जमत नसेल तर उतरल्यावर तरी एक रात्र होमस्टेमध्ये राहा, पैसा गावात राहतो.

सीझनचं म्हणाल तर मनाची तयारी करून जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत हिरवं नसतं, पिवळं-सोनेरी असतं. पुण्यातले बरेच जण हिरवागार फोटो बघून दिवाळीत जातात आणि खट्टू होतात. पण आकाश स्वच्छ असतं, शिखरं दिवसभर दिसतात. थंडी मात्र खरी, रात्री शून्याच्या आसपास. फुलं हवी असतील तर जून-जुलै. भर पावसात त्या रस्त्याला मी तरी आईवडिलांना नेणार नाही, ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीला जे घडलं ते याच गंगोत्री रस्त्यावर, भटवाडीच्या पुढे. मे-जूनमध्ये चारधाम यात्रेची गर्दी, उत्तरकाशीत खोल्या महाग आणि दुपारी वादळी पाऊस. पठारावर वीज कडाडायला लागली की लपायला काही नाही, आपणच सगळ्यात उंच, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारच्या आत झाडीत उतरायचंच. गंगोत्री मंदिराची कपाटं, म्हणजे दारं, पाडव्याला, तिकडे अन्नकूट म्हणतात, बंद होतात. म्हणून पाडव्यानंतर निघालात तर रस्ता पण मोकळा मिळेल. दिवाळीच योग्य आहे तुमच्यासाठी.

अतकरवाडी_रविवार
वरच्या दादांचं रैथलमधल्या मुक्कामाचं पटलं, तो बेतात घालाच. पण चढाई बरसूवरूनच ठेवा, पहाटेच्या पठारासाठी बर्नाला सोयीचं आहे. आणि एक राहिलं, हा लूप गाडीच्या दृष्टीने पूर्ण होत नाही. बरसू आणि रैथल ही दोन वेगळी गावं, दोन्हींचे रस्ते भटवाडीहून वेगळे फुटतात, त्यामुळे गाडीवाल्याला रैथलला यायचं आधीच सांगून ठेवायचं. वनखात्याची परवानगी आणि फी लागते, गाईड गावातलाच घ्या, तो करून देतो.

टेकडीवाली_कोथरूड
ठरलं. पाडव्यानंतर निघायचं, झेलमने दिल्ली, पुढे देहरादून, उत्तरकाशी एक रात्र, बरसू एक रात्र, बर्नाला, पहाटे पठार, गुई, रैथल आणि रैथलमध्ये मुक्काम. बकरिया टॉप तिथे गेल्यावर बाबांची तब्येत बघून. डॉक्टरांची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घेतेय. आईच्या गुडघ्यासाठी आत्तापासून काय करू?

अतकरवाडी_रविवार
दर रविवारी सिंहगड, अतकरवाडीच्या वाटेने, आणि चढून गाडीने खाली यायचं नाही, उतरायचंसुद्धा. साधारण सहाशे मीटरचा चढ-उतार होतो, म्हणजे तिकडच्या एका दिवसाची रंगीत तालीम. सॅकमध्ये चार-पाच किलो वजन आणि दोन्ही हातात पोल. उतरताना पोल थोडे लांब करायचे, पाऊल लहान टाकायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. मधल्या दिवशी पर्वतीच्या पायऱ्या, त्याही उतरताना सावकाश. फिजिओकडून मांडीचे व्यायाम घ्या, तीन महिने हातात आहेत, फरक पडतो. बूट आणि गुडघ्याचा पट्टा नवा घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि सिंहगडावर वापरून मुरवा, पहिल्यांदा तिकडे घालू नका.