१८ वर्षांचा फुल बॅक, ड्रॅगफ्लिक चांगली: सीनियर डिपार्टमेंटच्या ट्रायलला आत्ता पाठवावा का?

अंधेरी_हाफलाइन

आमच्या हॉकी क्लबमधल्या एका मुलाला नुकतंच अठरावं पूर्ण झालं. राइट फुल बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) आहे आणि शॉर्ट कॉर्नरला (डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, फाउल झाल्यावर मिळणारा कॉर्नर) पहिला फ्लिकर, म्हणजे ड्रॅगफ्लिकने बॉल स्टिकवर ओढून गोलात फेकणारा, तोच. ज्युनियर स्पर्धांमध्ये गोल भरपूर झालेत, त्यामुळे घरचे आणि शाळेचे सर मागे लागलेत की एखाद्या डिपार्टमेंटच्या (रेल्वेसारख्या संस्थेच्या टीमच्या) स्टायपेंड ट्रायलला पाठवा, हॉकी इंडिया लीगच्या लिलावात नाव टाका. शाळेत असताना सगळी हॉकी मातीवर झाली, टर्फवर नियमित येऊन दोन वर्षं होतील. यो-यो (दम तपासणारी धावण्याची चाचणी) १८.२.

गोलांच्या आकड्यावर मला निर्णय घ्यायचा नाही. मोठ्या पुरुषांसमोर तो टिकेल की नाही हे कशावरून ओळखायचं? सामन्यात नेमकं काय मोजायचं? आणि सहा महिने थांबवला तर त्याचं नुकसान होईल का?

मैदानावरचा_बाक

गोल बाजूला ठेवलेत ते योग्यच. ज्युनियरमध्ये पहिला रशर (कॉर्नरला फ्लिकरवर धावून येणारा बचावपटू) बऱ्याचदा अर्धा सेकंद उशिरा सुटतो, कीपर लवकर खाली बसतो, आणि बरी फ्लिकसुद्धा आत जाते. सीनियरला या दोन्ही सवलती मिळत नाहीत. त्यामुळे फ्लिक शेवटी बघा. आधी तो बॉल कसा घेतो ते बघा, माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

एक वही घ्या. प्रत्येक सामन्यात त्याच्याकडे आलेले पहिले २० बॉल नोंदवा. बॉल येण्याआधी त्याने मान वळवून मागे आणि आत बघितलं का, पहिला टच मोकळ्या बाजूला गेला की पायात अडकला, आणि पुढे बॉल आपल्याकडे राहिला की गेला, एवढंच लिहायचं. प्रतिस्पर्धी तीन मीटरच्या आत होता ते बॉल वेगळ्या खुणेने मांडा, कारण खरी परीक्षा त्यांचीच. दबावातल्या दहापैकी सात बॉल आपल्या टीमकडे राहत असतील तर मुलगा जवळ आलाय. पाचावर अडकला असेल तर ट्रायलची घाई करू नका.

मातीवरून आलेल्या मुलांची एक सवय मुद्दाम तपासा. मातीवर बॉल उडतो म्हणून मुलं तो अंगाजवळ, जवळपास बुटांपाशी थांबवायला शिकतात. मग मान खाली जाते, खेळायच्या आधी बॉल पुढे काढायला एक जादा टच लागतो, आणि तेवढ्यात फॉरवर्डचा जॅब (बॉल काढायला स्टिकने मारलेला टोचा) येऊन पोचतो. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल सपाट आणि वेगात येतो. तिथे गुडघे वाकलेले, डावं कोपर पुढे आणि बॉल उजव्या पायाच्या बराच पुढे असला, तरच बॉल आणि समोरचा माणूस एकाच नजरेत येतात. स्टँडमध्ये बसूनही हे दिसतं: बॉल घेताना त्याचा चेहरा तुम्हाला दिसतो की फक्त डोकं?

बॉल नसतानाचा खेळ. राइट बॅकला समोरच्या लेफ्ट विंगरला साइडलाइनकडे ढकलायचं असतं. ती त्याची फोरहँडची बाजू, म्हणजे त्यातल्या त्यात सोपं काम. कच्चा मुलगा विंगरच्या आतल्या हुलीला फसतो, रिव्हर्सवर (डाव्या बाजूला, स्टिक उलटी करून) हात टाकतो आणि विंगर डीच्या दिशेने निघून जातो. दुसरी चूक म्हणजे पाय रोवून लांबवर केलेला जॅब. जॅब चुकायला हरकत नाही, पण चुकल्यावर दोन पावलांत तो परत गोलच्या बाजूला आला पाहिजे. सामन्यात असा किती वेळा कापला गेला ते लिहा. डीमध्ये पायाला लागलेले बॉलही लिहा, कारण त्यातला जवळपास प्रत्येक बॉल विरोधकांना शॉर्ट कॉर्नर देऊन जातो. आणि कार्डं. ग्रीन म्हणजे दोन मिनिटं दहा जण. बॅकला सामन्यागणिक एक मिळत असेल तर कुठलाही कोच त्याला उतरवायला कचरेल.

सामने किमान चार, आणि तेही मोठ्या पुरुषांविरुद्धच. शहराची सीनियर लीग चालेल. बॉम्बे गोल्ड कपसारख्या स्पर्धेत बाहेरच्या डिपार्टमेंटच्या टीमविरुद्ध संधी मिळाली तर उत्तमच. त्यात एक सामना असा हवा की टीम गोलने मागे आहे, आणि एक लागोपाठच्या दिवसाचा. पहिल्या क्वार्टरची नोंद चौथ्या क्वार्टरशेजारी ठेवून वाचा. फॉरवर्ड आणि हाफ सहा-आठ मिनिटांनी बाकावर येतात, बॅकला मात्र सलग जास्त वेळ उभं राहावं लागतं. शेवटच्या १५ मिनिटांत मान वळणं बंद झालं, तर दमछाक तिथे आधी दिसते, पायांत नंतर.

डीच्या_टोकावर

बॉल घेण्याबद्दल वर लिहिलंय त्याच्याशी सहमत. फ्लिकबद्दल थोडं.

गोलपोस्टपासून १० मीटरवरून बॉल इंजेक्ट होतो (गोललाइनवरून बाहेर ढकलला जातो), डीच्या बाहेर निघावा लागतो, आणि डीची त्रिज्या १४.६३ मीटर. कॉर्नरचा पहिला फटका हिट असेल तर बॉल ४६० मिलिमीटरच्या बोर्डाच्या उंचीतच गोलात जायला हवा. फ्लिकला ती अट नाही. म्हणून फ्लिकरला एवढा भाव. पण सरावात मोकळ्या गोलावर मारलेल्या ५० फ्लिक काहीच सांगत नाहीत. चाचणी अशी घ्या: चार मिनिटं जोरात धावून झाल्यावर लगेच कॉर्नर, सीनियर कीपर आणि मास्क घातलेला खरा पहिला रशर. असे दहा. त्यातले तीन मुद्दाम वाईट इंजेक्शनचे, म्हणजे बॉल अर्धा मीटर इकडेतिकडे थांबेल असे. इंजेक्शनपासून फ्लिक सुटेपर्यंत साधारण दोन सेकंद, त्यावर गेला की रशर पोचलाच.

बॉल वाकडा थांबला तर तो काय करतो ते सगळ्यात महत्त्वाचं. पावलं बदलून तरी फ्लिक मारतो, की बाजूला सरकवतो, की घाबरून तशीच ओढतो आणि बॉल रशरच्या पॅडवर आदळतो? आणखी एक: मोबाइलवर समोरून स्लो मोशन घ्या आणि पुढच्या पायाचा पंजा बघा. पंजा दर वेळी बॉल जाणार त्याच कोपऱ्याकडे वळत असेल तर सीनियर कीपर दोन कॉर्नरमध्ये त्याला वाचून टाकेल.

लीगचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या संघांना २४ जणांचा चमू करायचा होता: ८ परदेशी आणि किमान १६ भारतीय, त्यात ४ ज्युनियर सक्तीचे. मूळ किंमत २, ५ किंवा १० लाख. म्हणजे ज्युनियरला जागा आहे, पण कॉर्नर नाहीत. त्याच लिलावात हरमनप्रीत सिंगवर ७८ लाख लागले. ज्याच्याकडे असा फ्लिकर आहे तो कोच १८ वर्षांच्या मुलाला कॉर्नर कशाला देईल? मुलाची निवड व्हायला हवी ती बॅक म्हणून. फ्लिक वरचा फायदा.

फिजिओ_दादर

आधी कंबर तपासा. वाढत्या वयातल्या फ्लिकरला, फास्ट बोलरसारखंच, कंबरेच्या खालच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होऊ शकतं, कारण वाकणं, वळणं आणि झटका एकाच वेळी येतो. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कंबरेत एका बाजूला दुखत असेल तर फ्लिक त्या दिवसापासून बंद आणि स्पोर्ट्स डॉक्टरकडे. गोळी घेऊन ट्रायल अजिबात नको. दुखत नसेल तरी दर सत्रातल्या फ्लिक मोजून लिहा आणि ट्रायल जवळ आली म्हणून आकडा एकदम वाढवू नका.

यो-यो १८.२ म्हणजे १८०० मीटर. क्लबसाठी बरं, सीनियर डिपार्टमेंटसाठी कमी. १९.१ ला २०८० होतात, २०.१ ला २४००. तीन-चार महिन्यांत १९ च्या पुढे जाणं शक्य आहे. सोबत ३० मीटरच्या सहा दौडी लावा, मध्ये २५ सेकंद. सर्वांत जलद दौडीपेक्षा शेवटची दहा टक्क्यांहून हळू असेल तर काम बाकी आहे. लांबून लोकलने उभ्याने येत असेल तर चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्या, नाहीतर प्रवासाचा थकवाच मोजला जाईल.

अंधेरी_हाफलाइन

खूप उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. वही आजच सुरू करतो. कंबरेची तक्रार नाही, तरी तपासून घेतो. दोन शंका: चर्चगेटला महिंद्रा स्टेडियमवर सामना असेल तर व्हिडिओ कुठून काढावा? एकच मोबाइल आहे. आणि ट्रायलला पाठवून नापास झाला तर पुन्हा बोलावतात का?

मैदानावरचा_बाक

व्हिडिओ गोलच्या मागून, शक्य तितक्या उंचावरून, मोबाइल आडवा. साइडलाइनवरून अंतरं फसवतात. बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका. तो मुलगा आणि त्याच्या आसपासचे २० मीटर चौकटीत राहू द्या, बॉल नसतानाचं सगळं त्यातच मिळेल.

पुन्हा बोलावणं प्रत्येक डिपार्टमेंटवर अवलंबून असतं, पण एका दिवसाच्या ट्रायलमध्ये बॅक कधीच नीट दिसत नाही. चाळीस मुलं, दहा-दहा मिनिटांचे सामने, सगळे पुढे धावतात. त्यापेक्षा त्यांच्या कोचना फोन करून दोन आठवडे सरावाला उभा करता येईल का विचारा. त्याच फोनवर राइट बॅक किती आहेत तेही विचारा. तीन असतील तर मुलगा कितीही चांगला असला तरी वर्षभर पाणी द्यायला जाईल, आणि या वयात सामने बुडणं सगळ्यात महाग पडतं.

सहा महिन्यांनी नुकसान नाही. रेल्वेच्या क्रीडा कोट्याची वयोमर्यादाच १८ ते २५ आहे. या काळात हॉकी इंडियाची नोंदणी आणि जन्माचा दाखला एकमेकांशी जुळतात का बघून घ्या, नावाच्या स्पेलिंगसकट. स्टायपेंडचा कागद पुढे आलाच तर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: दुखापत झाल्यावर पैसे किती महिने चालू राहतात, उपचाराचा खर्च कोण करतं, आणि कॉलेजकडून किंवा राज्याकडून खेळायची परवानगी लेखी मिळते का.